मोरीची वाटी

परवा माझी पुतणी सुट्टीत आमच्याकडे राहायला आली होती. यंदा ती सहावीत गेली. येताना वाचायला एक इंग्रजी गोष्टींचं पुस्तक घेऊन आली होती. त्यात कुणाच्या तरी घरातल्या बाथटबचं बूच हरवतं आणि मग घरभर गोंधळ उडतो, अशी एक गोष्ट होती. पुस्तक मिटून तिनं मला विचारलं, "काका, त्यांच्या टबाला बूच असतं, मग आपल्या मोरीला का नसतं?"

मी म्हटलं, "असतं की! फक्त ते उलटं काम करतं. त्यांचं बूच वरचं पाणी खाली जाऊ देत नाही. आपलं बूच पाण्याला खुशाल जाऊ देतं, पण खालचं काही वर येऊ देत नाही."

"मला नाही कधी दिसलं!"

"जाळीखाली असतं, म्हणून दिसत नाही. मी एकदा ते हरवलं होतं. हरवलं कसलं, चोरलं होतं. आपल्याच घरातून."

आता 'चोरलं' म्हटल्यावर कोण गप्प बसेल? तिला सगळी गोष्ट सांगावीच लागली. मित्रांनो, तीच आज तुम्हालाही सांगतो. तिच्यात माझी फुशारकी मारावी असं फारसं काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गोष्ट १९९१ सालची. आम्ही तेव्हा पुण्यात नारायण पेठेत राहत होतो. तीन मजली इमारत, सहा बिऱ्हाडं. घरात आजी, आई, बाबा, ताई आणि मी. मी सातवीत होतो. पाच माणसांत मोरी एकच. सकाळी तिथे ही झुंबड! त्यात पाणी लवकर जायचं नाही. पायाच्या घोट्यापर्यंत साबणाचं पाणी साचायचं आणि ताई बाहेरून ओरडायची, "अरे, आत पोहतोयस का?"

दर रविवारी मोरीची जाळी साफ करायचं काम माझ्याकडे होतं. पितळेची गोल जाळी. तिच्यावर ताईचे लांब केस, साबणाचे तुकडे, भांडी घासायच्या शेंडीचे धागे आणि भाताची शितं अडकलेली असायची. नाक मुरडत मी ते काढायचो. जाळी उचलली की खाली एक पितळेचीच वाटी दिसायची, उपडी घातलेली. ती कशासाठी आहे, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. एका रविवारी ती सहज उचलून पाहिली, तर साचलेलं पाणी गडगड करत एका दमात नाहीसं झालं. मला वाटलं, अरेच्चा! म्हणजे सगळी अडचण या वाटीचीच आहे तर!

त्या वर्षी दिवाळीत आमच्या आळीतल्या मुलांनी रायगड करायचं ठरवलं होतं. माती आणली, दगड रचले, महादरवाजा झाला, बाजारपेठ झाली. अडलं ते जगदीश्वराच्या मंदिरापाशी. त्याला घुमट हवा होता. पुठ्ठ्याचा करून पाहिला, तो वाकडा झाला. नारळाची करवंटी फार मोठी. आणि मला एकदम मोरीतली वाटी आठवली. दुपारी सगळे झोपलेले पाहून मी ती काढली, राखेनं घासली, तिला चुना फासला आणि मंदिरावर उपडी ठेवली. काय सुंदर घुमट दिसला! सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. वाटी कुठून आणली, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मनात म्हटलं, दिवाळी झाली की परत ठेवून देऊ. तोपर्यंत पाणीही लवकर जाईल. दुहेरी फायदा!

दोन दिवस गेले आणि घरात वास यायला लागला.

आधी वाटलं, कुठे तरी उंदीर मेला असेल. आईनं कपाटं ओढून पाहिली. आजीनं फडताळातले डबे हुंगले. वास मात्र कुजक्या अंड्यांसारखा आणि सकाळी सकाळी सर्वांत जास्त. नरकचतुर्दशीला पहाटे आम्ही अंगाला तेल लावून, उटणं चोळून मोरीत बसलो, तर नाक धरूनच अंघोळ करावी लागली. उटण्याचा आणि तो, असे दोन्ही वास एकत्र झाले होते. आत्या पाहुणी आलेली. ती म्हणाली, "कारीट फोडायच्या आधीच नरकासुर येऊन गेला वाटतं!" त्यातच पायाशी दोन झुरळं फिरताना दिसली. ताई किंचाळत बाहेर आली.

खरं सांगतो, हे सगळं त्या वाटीमुळे होतंय, हे मला तोवर कळलं नव्हतं.

पाडव्याच्या सकाळी 'चेंबरवाला' आला. आम्ही त्यांना असंच म्हणायचो. अंगणातलं चेंबर तुंबलं की ते येत. कधी कुणाची मोरी, कुणाचं बेसिन साफ करून देत. सहाही बिऱ्हाडांकडे त्यांचं येणं-जाणं होतं. पाडव्याला दिवाळीचं पोस्त घ्यायला ते न चुकता येत. आजी त्यांना चहा द्यायची. पण त्यांचा कप वेगळा होता. कान तुटलेला, जिन्याच्या खिडकीत ठेवलेला. चहा पिऊन झाला की ते स्वतःच तो नळावर विसळत आणि पुन्हा खिडकीत ठेवून देत. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. कळायला लागल्यापासून तसंच पाहत आलो होतो ना!

आजी म्हणाली, "आलास ते बरं झालं. जरा मोरी बघ. चार दिवस वासानं जीव नकोसा झालाय."

त्यांनी मोरीत बसून जाळी उचलली आणि लगेच मान वर केली. "आजी, यातली वाटी कुठं गेली? वाटी नाही म्हणून वास येतोय."

"वाटी?" आजी म्हणाली, "वाटी कुठं जाईल? गेल्या महिन्यात तूच साफ करून गेलास. तेव्हा तर होती. चांगली पितळेची होती."

शेवटचं वाक्य तिनं जरा सावकाश उच्चारलं. मोरीत एकदम शांतता झाली. ते उठून उभे राहिले. "मी कशाला नेऊ, आजी? वीस वर्षं येतोय मी हितं."

"तू नेलीस असं मी कुठं म्हटलं?" आजी म्हणाली. तिनं तसं म्हटलं नव्हतं, हे खरं. पण पोस्ताची नोट तिनं पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती. ती गाठ काही सुटली नाही. चहाचंही कुणी विचारलं नाही. ते थोडा वेळ थांबले, मग पायात चपला सरकवून जिना उतरून गेले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. हातात चकली होती. तोंडातला घास मऊ पडला, पण गिळवेना. 'वाटी मी घेतली' एवढे तीनच शब्द बोलायचे होते. ते मी बोललो नाही.

अशा गोष्टींना पाय नसतात, पंख असतात. संध्याकाळपर्यंत सहाही बिऱ्हाडांत ती बातमी फिरली. मग कुणाला दोन वर्षांपूर्वी हरवलेला तांब्या आठवला, कुणाला गच्चीवरची पितळी तोटी. हे सगळं त्या एका माणसाच्या नावावर जमा झालं. पुढच्या वेळी चेंबर तुंबेल तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचं, असंही जिन्यात उभ्या-उभ्या ठरून गेलं.

वाटी गुपचूप परत ठेवली की झालं, असं मी स्वतःला समजावत होतो. पण भाऊबीजेच्या रात्री आळीतल्या मोठ्या मुलांनी किल्ला उडवायचा म्हणून नेमका त्या घुमटाखालीच सुतळी बॉम्ब लावला. वाटी उडून रस्त्यापलीकडे पडली. (कुणाच्या डोळ्याला लागली असती, तर? असला वेडेपणा तुम्ही कधीही करू नका.) उचलून पाहिली, तर ती एका बाजूनं चिरली होती आणि चेपली होती. ती मी दप्तराखाली लपवली. आता परत ठेवायलाही काही उरलं नव्हतं.

शाळा सुरू झाली. अभ्यासात लक्ष लागेना. एका रात्री बाबा वर्तमानपत्र वाचत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि ती चिरलेली वाटी पेपरावरच ठेवली. बोलायची गरजच पडली नाही. वाटीला अजून चुना लागलेला होता आणि तो किल्ला त्यांनी पाहिला होता.

मला वाटलं, आता मार बसणार. बाबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वाटी घेतलीस, ती तुझी चूक. गप्प बसलास, ती त्याहून मोठी. पण एक सांग. तुझ्या मामानं आपली मोरी साफ करून दिली असती आणि मग वाटी सापडली नसती, तर आजीनं त्याला असं विचारलं असतं का? मी तरी विचारू दिलं असतं का?"

मी मान हलवली.

"मग ही आमचीही चूक आहे. आपण उद्या त्यांच्याकडे जाऊ. वास आणखी चार दिवस सहन करू, पण हे थांबायला नको."

जायचं ठरलं, पण कुठे? त्यांचं घर कुठं आहे, हे इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचं नावही कुणाला माहीत नव्हतं! वीस वर्षं येणाऱ्या माणसाचं नाव! शेवटी कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं ते सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पण तेव्हापासून मी त्यांना नावानं, काका लावून, हाक मारू लागलो.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. एकच खोली, पण लख्ख. बाबांनी मला पुढे केलं. मी कसंबसं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग एवढंच म्हणाले, "सांगितलंस ना? मग झालं." बाबांनी पोस्ताचे पैसे पुढे केले, ते मात्र त्यांनी घेतले नाहीत. "आता दिवाळी होऊन गेली, साहेब," असं म्हणाले. ते रागावले असते, तर बरं वाटलं असतं, असं मला त्या वेळी वाटलं.

त्यांच्या घरातल्या काकूंनी चहा केला. फळीवरून चांगले कप काढले, पुसले, बशीसकट आमच्या हातात दिले. माझ्या कपाला नक्षी होती आणि त्याचा कान शाबूत होता. तो चहा मला अजून आठवतो.

परत आल्यावर बाबा एकेका बिऱ्हाडाचं दार वाजवून खरं काय घडलं ते सांगून आले. प्रत्येक दारात मी त्यांच्या शेजारी उभा होतो. काहींनी "बरं झालं, सांगितलंत" म्हटलं. काहींनी नुसतं "असं होय!" म्हणून दार लावून घेतलं. वाईट बातमी सगळ्यांनी लगेच मानली होती, चांगली बातमी मात्र काही जणांनी शेवटपर्यंत मानली नाही.

आता उरली वाटी. "ती तू आणायची, तूच बसवायची," बाबा म्हणाले. साठवलेल्या खाऊच्या पैशांत त्यांनी थोडे घातले आणि रविवारी मी रविवार पेठेतल्या बोहरी आळीत गेलो. लोखंडी सामान, नळ, पाइप, साखळ्या, बिजागऱ्या यांची दुकानंच दुकानं! एका दुकानात म्हाताऱ्या चाचांना म्हटलं, "मोरीची जाळी द्या."

"माप काय?" ते म्हणाले.

मी हातानं गोल करून दाखवला. ते हसले. "बेटा, तुझा हात उद्या मोठा होईल, मोरी नाही होणार. माप घेऊन ये. जाळीची रुंदी आण आणि भांडं किती खोल आहे, तेही आण."

घरी येऊन फूटपट्टीनं मापं घेतली, कागदावर चित्र काढलं आणि पुन्हा गेलो. या वेळी चाचांनी जाळी आणि वाटी समोर ठेवली आणि म्हणाले, "जाळी कशीही चालेल. वाटी नीट बघून घे. तिची कड पाण्यात बुडली पाहिजे. बुडली नाही, तर पैसे फुकट."

कड का बुडली पाहिजे? ते बाबांनी घरी पेपरच्या कोऱ्या कडेवर चित्र काढून समजावलं. तुम्हीही डोळ्यांपुढे आणा. भुईकोट किल्ल्याला खंदक असतो ना? आताच्या अहिल्यानगरचा, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरचा किल्ला आठवा. मोरीच्या जाळीखाली तसंच एक गोल भांडं असतं. त्याच्या मधोमध एक छोटी नळी उभी असते. तीच खाली गटाराकडे जाते. नळीच्या भोवती पाणी साचून राहतं, तो झाला खंदक. नळीवर उपडी वाटी घालतात आणि वाटीची कड खंदकातल्या पाण्यात बुडते. मोरीत ओतलेलं पाणी खंदकात येतं, वाटीच्या कडेखालून आत शिरतं, वर चढतं आणि नळीच्या तोंडातून खाली जातं. पण गटारातली हवा नळीतून वर आली, की ती वाटीत अडकते. बाहेर पडायचं, तर तिला पाण्यात बुडी मारावी लागते आणि तेवढा जोर तिच्यात नसतो. म्हणजे खरं बूच वाटी नव्हेच, पाणी आहे! दोन बोटं पाणी सबंध घराची राखण करतं. वाटी फक्त त्या पाण्याला कामाला लावते.

आता बसवायची वेळ आली. आईनं हातात घालायला प्लॅस्टिकची पिशवी दिली. जुन्या भांड्याच्या खंदकात काळा गाळ साठला होता. त्यात केस, साबणाचं लोणी आणि काय काय! पहिल्यांदा हात घातला, तेव्हा पोटात ढवळून आलं. पिशवी लगेच फाटली. मग तसाच हात घालून गाळ काढला, एका डब्यात भरला. काथ्यानं आणि जुन्या टूथब्रशनं भांडं घासलं. धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून ओतला. खंदकात स्वच्छ पाणी भरलं, वाटी उपडी घातली, वर जाळी ठेवली आणि ऐटीत म्हटलं, "झालं!"

बाबांनी पतंगाच्या कागदाची एक बारीक पट्टी कापली आणि जाळीच्या वर धरली. पट्टी थरथरत होती. "अजून हवा येतेय. काढ."

पुन्हा काढलं. पाहतो तो भांड्याच्या तळाशी जुन्या सिमेंटचा एक टवका चिकटलेला. त्याच्यावर टेकून वाटी तिरकी बसत होती आणि तिची एक कड पाण्याच्या वर राहत होती. कड केवढी, तर नखाएवढी! तेवढ्यातून एवढा वास. टवका खरवडून काढला, वाटी पुन्हा बसवली. या वेळी पट्टी स्थिर राहिली. मी पाचदा तपासून पाहिलं. ताईनं एक बादली पाणी ओतलं. ते सावकाश, पण बिनतक्रार गेलं.

ही झाली माझी शाबासकीची जागा. पण खरी गोष्ट रात्री घडली.

साबणानं तीनदा हात धुतले होते. लिंबू चोळलं होतं. तरी जेवायला बसलो, वरणभात कालवला, घास तोंडापाशी नेला आणि बोटांना तोच वास आला. घास खाली ठेवला. मला वाटलं, मी एक दिवस, एका मोरीत, आपल्याच घरच्या घाणीत हात घातला, तर ही गत. ते काका रोज दुसऱ्यांच्या घाणीत हात घालतात आणि घरी जाऊन याच हातानं जेवतात. तो गाळ त्यांचा नव्हताच. आमचे केस, आमचा साबण, आमची शितं. घाण आमची आणि वेगळा कप मात्र त्यांना!

मी हे काही बोललो नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि ताटात चमचा ठेवला.

महिन्याभरानं चेंबर तुंबलं. सहापैकी चार बिऱ्हाडांनी काकांनाच बोलवायचं ठरवलं. ते आले. काम झाल्यावर वर आले, न सांगता मोरीत गेले, जाळी उचलली, वाटी दाबून पाहिली, तांब्याभर पाणी ओतलं. म्हणाले, "कुणी बसवली?"

"मी."

"बरोबर बसलीय. पण दर रविवारी काढून धूत जा, नाही तर पुन्हा गाळ धरेल."

परीक्षेत पहिला आलो असतो, तरी मला एवढं बरं वाटलं नसतं. आईनं चहा आणला. मी मुद्दाम पाहिलं. तो आमच्या रोजच्या कपांतला एक होता. आजीनंही तो पाहिला. ती काही बोलली नाही, देवघराकडे तोंड करून वाती वळत बसली. खिडकीतला कान तुटका कप पुढे केव्हा तरी नाहीसा झाला. तो कुणी टाकला, हे मला आजतागायत ठाऊक नाही. या वेळी मात्र त्याचा आळ कुणीही कुणावर घेतला नाही.

मोठा झाल्यावर या वाटीविषयी मला आणखी काही गोष्टी कळल्या. पाणी अडवून वास रोखायची युक्ती फार जुनी आहे. लंडनमध्ये राहणाऱ्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं १७७५ साली संडासासाठी एक वाकडा पाइप तयार करून त्याचं पेटंट घेतलं. पाइपाच्या वाकणात पाणी साचून राहायचं आणि वास अडायचा. तुमच्या बेसिनखाली वाकून पाहा, वाकडा पाइप नाही तर बाटलीसारखं एक भांडं दिसेल. ती याच कुळातली मंडळी! आणि गंमत म्हणजे, आपल्या देशातले इंजिनिअर आणि प्लंबर इंग्रजीत बोलतानाही मोरीतल्या या भांड्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. न्हाणी म्हणजे अंघोळीची जागा, आपल्या आजी-पणजीच्या तोंडचा शब्द!

हे पाणी वाळलं, तर काय होतं, तेही जगानं पाहिलं आहे. २००३ साली हाँगकाँगमध्ये सार्स नावाच्या रोगाची साथ आली. एमॉय गार्डन्स नावाच्या एकाच वसाहतीत तीनशेहून अधिक माणसं आजारी पडली. तपासात आढळलं, की अनेक घरांत बाथरूमची फरशी पाणी ओतून धूत नसत, फक्त पुसून घेत. त्यामुळे जाळीखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी वाळून गेलं होतं. बाथरूममधला पंखा लावला, की सांडपाण्याच्या पाइपातली दूषित हवा आणि तुषार त्या मोकळ्या वाटेनं घरात ओढले जात. दोन बोटं पाण्याची किंमत अशी असते.

आणि तो कुजक्या अंड्यांचा वास? तो हायड्रोजन सल्फाइड नावाच्या वायूचा. घरात थोडासा आला, तर आपण नाक धरतो. पण तुंबलेल्या गटारात तो खूप साठला, की आधी नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर करतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला. प्रत्यक्षात मरण जवळ आलेलं असतं. म्हणूनच सुरक्षेच्या साधनांवाचून माणसाला गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी केली आहे. तरी अशा मृत्यूंच्या बातम्या अजून येतात. तशी बातमी वाचली, की मला आमचे काका आठवतात.

आता तुमच्यासाठी थोडं काम. या रविवारी घरातल्या मोठ्या माणसांना सांगून मोरीची जाळी उचला. हातात रबरी मोजे घाला. खाली वाटी आहे का, तिची कड पाण्यात बुडते का, ते पाहा. काही घरांत वाटी नसते, फरशीखालचा पाइपच वाकडा असतो. तिथे पाणी साचलेलं दिसलं, की पुरे. पाणी लवकर जात नाही म्हणून वाटी काढून टाकू नका, ती धुऊन परत बसवा. मे महिन्यात गावाला जाताना जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडं तेल ओता. तेल तरंगतं, त्यामुळे पाणी सावकाश वाळतं. आणि एक कायम लक्षात ठेवा. मोरी साफ करायला अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

माझ्या पुतणीनं गोष्ट ऐकली आणि ती तडक मोरीत गेली. जाळी उचलल्याचा आवाज आला. "काका, आहे वाटी!" ती आतून ओरडली. मग हात धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आमच्या सोसायटीतही एक जण येतात ड्रेनेज साफ करायला. मला त्यांचं नाव माहीत नाही."

"मग घरी गेल्यावर काय करशील?"

"आधी नाव विचारीन," ती म्हणाली.

मित्रांनो, तुम्हाला माहीत आहे का, तुमच्याकडे येणाऱ्यांचं नाव?